वास खरा वाटला पाहिजे

मागच्या बाल्कनीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, झाकणाला भोकं पाडलेल्या एका प्लॅस्टिकच्या डब्यात मटणाचा तुकडा सडत होता, आणि तो कुणी तिथे विसरलेला नव्हता. लेखकाने तो मुद्दाम ठेवला होता. सकाळी चहाच्या आधी तो झाकण उघडून आत डोकवायचा, दुपारी पुन्हा डोकवायचा, आणि काय दिसलं ते बसून लिहून काढायचा. असा नवरा वाट्याला आला तर बाईने काय करावं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. त्याच्या पुस्तकांत तर नाहीच, कारण त्यांतल्या बायका दुसऱ्या प्रकरणाच्या आत मरतात.

त्याची बायको एका छापखान्यात मजकूर टाईप करायची. औषधांची लेबलं, दुकानांची पत्रकं, शाळांचे पेपर. लेखकाची पहिली कादंबरी तिच्याच टेबलावर आली होती आणि कादंबरीतल्या चुका काढता काढता दोघांचं जमलं. तेव्हापासून त्याचं प्रत्येक प्रेत आधी तिच्या हातून जायचं आणि मगच वाचकांपर्यंत पोचायचं.

इतकी वर्षं ही प्रेतं बिचारी सभ्य होती. छातीत सुरा, थोडं रक्त, उघडे डोळे, की संपलं. मग एका पुस्तकाच्या कार्यक्रमात शवविच्छेदन करणारे एक डॉक्टर मागच्या रांगेतून उठले, माईक मागून घेतला आणि अगदी शांतपणे बोलू लागले. "तुमच्या कादंबरीत ऐन उन्हाळ्यात चार दिवस गोदामात पडलेला माणूस झोपल्यासारखा दिसतो. माझ्याकडे आलेला एकही असा दिसला नाही. त्याचं पोट फुगायला हवं. हाताची कातडी मोज्यासारखी सुटून यायला हवी. आणि दार उघडणाऱ्याने आधी बाहेर पळत जाऊन ओकायला हवं. तुमचा इन्स्पेक्टर तर तिथेच उभा राहून सिगारेट ओढतो." सगळं सभागृह हसलं. लेखकही हसला, पण घरी येईपर्यंत त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत्या.

प्रकाशकाने त्या जखमेवर व्यवस्थित मीठ चोळलं. "पुढच्या पुस्तकात वास खरा वाटला पाहिजे," तो म्हणाला. "वाचकाने पान उलटल्यावर बोट पुसलं पाहिजे."

आता गंमत अशी की या लेखकाला रक्त बघवत नसे. दाढी करताना कापलं तरी तो मटकन खाली बसायचा. शवागारात जाण्याची परवानगी त्याने मागितली नाही. मिळाली असती तर जावं लागलं असतं. म्हणून हा डबा. तुकडा एवढासाच, झाकण हातात, वाटेल तेव्हा बंद करता येणारं. घरबसल्या मृत्यूचा अभ्यास.

पहिल्यांदा तुकडा नुसता काळवंडला. मग वर बुळबुळीत थर आला आणि कडांना हिरवट झाक. मग तळाशी तपकिरी पाणी सुटलं. मग चकचकीत हिरव्या माश्यांनी झाकणाची भोकं शोधून काढली, आणि त्यानंतर डब्यात हालचाल सुरू झाली. लेखक नाकाला कापूर लावलेला रुमाल बांधून वाकायचा, काडीने टोचून बघायचा, पांढरा पडायचा आणि आत येऊन खूश होऊन लिहायचा. ती पानं तिला टाईप करावी लागायची. 'शिजलेल्या भाताची शितं जणू एकमेकांना ढकलत होती' हे वाक्य टाईप केल्यावर कितीतरी दिवस तिला भात गेला नाही.

"हे वाक्य काढ," ती म्हणाली. "मी रोज भात लावते या घरात."

"म्हणजे जमलंय," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर असा काही आनंद पसरला की तिला पानांचा तो गठ्ठा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

तिला सगळ्याचीच शिसारी येत होती. वासाची येत होती, तो पडद्यांना, टॉवेलांना, तिच्या केसांनासुद्धा लागला होता. माश्यांची येत होती, त्या आता घरभर बिनधास्त फिरत होत्या. आणि सगळ्यात जास्त शिसारी त्याच्या त्या उत्साहाची येत होती. छापखान्यात शेजारच्या टेबलावरची बाई एकदा तिच्याजवळून जाताना नाक ओढून थबकली, आणि मग भरभर पुढे गेली. त्या दिवशी ती घरी येऊन आधी न्हायली आणि मग भांडली.

घरात लेखकाच्या बाजूने बोलणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आप्पा, तिचे सासरे. आता आप्पांनी या डब्याची बाजू घ्यावी हे आश्चर्यच. ते जन्मभर एका मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर उभे राहिलेले. निवृत्त झाले तरी घरात इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे, गालाला पावडर, मनगटाला अत्तराचा थेंब. पेल्यावर बोटाचा ठसा दिसला तर पाणी न पिता पेला परत पाठवणारा माणूस. त्यांना साखरेचा आजार होता, पण तोही ते असा सांभाळायचे की जणू हॉटेलातलं एखादं कुरबुर करणारं गिऱ्हाईक. ते म्हणायचे, "राहू दे गं. काम आहे त्याचं. नीट बघितल्याशिवाय नीट लिहिणार कसा?" एवढंच नव्हे, तर चहाचा कप घेऊन ते डब्याशेजारीच खुर्ची टाकून बसायला लागले. लेखकाचा ऊर भरून यायचा. आप्पांनी त्याची पुस्तकं आजवर कधी धड उघडलीही नव्हती.

"आप्पांना कळतं," तो बायकोला म्हणायचा. "तुलाच कळत नाही."

एका दुपारी जेवताना एक माशी वरणात पडली आणि बायकोचा तोल सुटला. तिने वाटी उचलून मोरीत ओतली आणि तिथूनच सुनावलं. "सडलेलं काही मला माझ्या घरात नको. कुणाचंही असो आणि कशासाठीही असो. मला बघवत नाही, मला हात लाववत नाही, त्या वासाने मला जगणं नको झालंय. आधी ते बाहेर काढा आणि मग माझ्याशी बोला."

लेखकाने मान खाली घातली. आप्पांनी हातातली संत्र्याची फोड तोंडात न घालता ताटलीत ठेवली आणि ते त्यांच्या खोलीत जाऊन पडले. तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसासमोर आपण जरा जास्तच बोललो. पण माफी मागण्याइतकं ते चुकलंय असं काही तिला वाटलं नाही.

नव्या पुस्तकातलं गोदामाचं प्रकरण एकदाचं पूर्ण झालं. लेखकाने तो डबा तीन पिशव्यांत गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत स्वतः नेऊन टाकला. तिने बाल्कनी फिनाईलने घासली, पडदे धुतले, माश्या मारल्या, खिडक्या सताड उघडल्या.

पण वास गेला नाही.

तो थोडा बदलल्यासारखा वाटला, एवढंच. आधी कुजक्या मांसाचा होता, आता त्यात काहीतरी गोडसर मिसळलं होतं, गुलाबपाणी सांडून नासल्यासारखं. तिने नवऱ्याला धारेवर धरलं. "दुसरा डबा कुठे लपवलायस?"

"शपथ घेतो, नाही."

"मग माझं नाक काय खोटं बोलतंय?"

दोघांनी मिळून घर हुडकलं. फ्रिजच्या मागे, माळ्यावर, मोरीच्या जाळीत, गॅसच्या सिलिंडरखाली. तिला वाटलं उंदीर मेला असेल. उंदीर सापडला नाही. खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "अजून संपलं नाही का हो तुमच्या मिस्टरांचं पुस्तक?" आणि नाकाला रुमाल लावून पुढे झाली. म्हणजे आता काहीही कुजलं तरी ते लेखकाच्याच खात्यावर पडणार होतं.

"भिंतीत मुरलाय तो," आप्पा म्हणाले. "जाईल हळूहळू." आणि मग संध्याकाळच्या चहाला, बिस्किटाचा तुकडा मोडत, त्यांनी मुलाला सहज विचारलं, "काय रे, पाण्यातलं प्रेत कसं होतं? ते तू कधी लिहिलं नाहीस. बादलीत एखादा तुकडा टाकून ठेव की, कळेल."

लेखकाचे डोळे चमकले. तिचा चमचा हातातच राहिला. पहिल्यांदा तिला वाटलं, आप्पांना भ्रम व्हायला लागलाय. मग वाटलं, बापलेक मिळून आपल्याला वेड लावायला निघालेत. ती रागाने उठली आणि ओले कपडे घेऊन बाल्कनीत गेली. भांडण्यापेक्षा कपडे झटकणं बरं असतं.

थोड्या वेळाने आप्पाही बाल्कनीत आले आणि त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. वास एकदम दाटला. ती तोंड फिरवून चादर वाळत घालत राहिली. आप्पा जरा बसले, दारातून आत बघितलं आणि भिंतीला हात टेकत उठून परत गेले. तिने चिमटा लावला, दुसरा लावला, श्वास घेतला आणि हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. बाल्कनीत साबणाचा वास होता. फक्त साबणाचा. वास इथे राहायला हवा होता, इथल्या फरशीत आणि भिंतीत. तो आप्पांबरोबर आत गेला होता.

तिने टॉवेल मशीनवर टाकला आणि त्यांच्या खोलीत गेली. आप्पा पलंगाच्या कडेला बसले होते, पाय खाली सोडून, मोज्यांसकट.

"आप्पा, मोजे काढा."

"कशाला? गार पडतात पाय."

"मग मी काढते."

ते तिच्याकडे न बघता दाराकडे बघत होते. "आधी दार लाव," ते म्हणाले.

डावा मोजा निघाला. उजवा निघेना, तो चिकटला होता. तिने कोमट पाण्याचं भांडं आणलं, मोजा भिजवला आणि बोटाबोटाने सोडवला. आत प्लॅस्टिकची पिशवी होती, घोट्याशी रबर लावून आवळलेली, आणि पिशवीत पावडर आणि अत्तर यांचा गुलाबी लगदा झाला होता. पिशवी सुटली तसा वासाचा असा भपकारा आला की तिचे डोळे पाण्याने भरले. करंगळी आणि शेजारचं बोट काळं ठिक्कर पडलं होतं. त्यांच्यामागे पावलाची कड उघडी होती, आत काहीतरी पांढुरकं दिसत होतं, हाड की शीर ते कळेना, आणि त्याच्या आजूबाजूला हालचाल होती. ही हालचाल तिने टाईप केली होती. ती भातासारखी मुळीच दिसत नव्हती.

तिने तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंत पोचायच्या आतच ती ओकली.

आप्पा थांबले. तिने चूळ भरून तोंड पुसल्यावर म्हणाले, "म्हणूनच नाही सांगितलं."

"कधीपासून आहे हे?"

"नवे बूट चावले होते. साखरेने पाय बधिर झालेला, मला काही दुखलंच नाही, त्यामुळे कळलंही नाही. मग पाणी यायला लागलं. हवा लागावी म्हणून दुपारी पाय उघडा ठेवायचो, तेव्हा त्या माश्या..." त्यांनी पाय मागे घेतला. "त्याचा डबा होता तोवर बरं होतं. कुणाला पत्ता लागला नसता."

"पत्ता लागला नसता? पाय गेला असता आप्पा. जीव गेला असता."

"त्या एवढ्याशा तुकड्याची तुला एवढी किळस आली," ते हळू म्हणाले. "हा तर माणूस आहे."

सडलेलं घरात नको, हे बोलली तीच होती, भर जेवणात, मोरीपाशी उभं राहून, ऐकू जाईल अशा आवाजात. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाही किळस जात नव्हती, त्याचा तिला आणखी राग आला.

तिने नवऱ्याला हाक मारली. लेखक पेन हातात घेऊनच आला, पायाकडे बघितलं, एकदा बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि दारातच खाली बसला. बसला तो आडवाच झाला.

"त्याला पाणी दे आधी," आप्पा म्हणाले.

हॉस्पिटलात दोन बोटं आणि त्यांच्यामागचा पावलाचा तुकडा काढावा लागला. आणखी उशीर झाला असता तर गुडघ्याखाली काही ठेवता आलं नसतं, असं सर्जनबाईंनी बाहेर येऊन सांगितलं. मग त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "पण एवढ्या स्वच्छ माणसाच्या जखमेत अळ्या कुठून आल्या?"

लेखक फरशीकडे बघत राहिला.

"घरात माश्या झाल्या होत्या," ती म्हणाली.

सर्जनबाई गेल्यावर लेखक बाकावर बसला. म्हणाला, "म्हणजे आप्पा बाल्कनीत बसायचे ते... त्यांना माझं लिखाण वगैरे काही..." एरवी तिने टोमणा मारला असता, तो जिभेवर आलाही होता. तिने फक्त त्याच्या हातातलं पेन काढून आपल्या पर्समध्ये ठेवलं.

घरी आल्यावर रोजची पट्टी कुणी बदलायची हा प्रश्न आला. लेखकाने एकदा प्रयत्न केला. पहिली घडी सुटेपर्यंत त्याला घाम फुटला, दुसऱ्या घडीला त्याने डोळे मिटून घेतले, आणि आप्पांनीच त्याला बाहेर पाठवलं. मग ती बसली. तिला काही एका दिवसात किळस यायची थांबली नाही. असं कुणी सांगत असेल तर त्याने कधी जखम धुतलेली नाही. ओली पट्टी सुटताना येणारा तो चिकट आवाज, पिवळट पू, कडेची मेलेली कातडी चिमट्याने ओढून काढणं, हे सगळं ती दात आवळून सोसायची. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची, म्हणजे ओकण्याचा आवाज बाहेर जाणार नाही. परत येऊन नवी पट्टी बांधायची. आप्पा तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून पडायचे. पण मध्येच त्यांची नजर चोरून तिच्या चेहऱ्यावर यायची, नाक मुरडतंय का, ओठ वाकडे होतायत का ते बघून पुन्हा भिंतीकडे जायची. हे तिला पायापेक्षा जड जायचं. त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की ते आधी म्हणायचे, "आज राहू दे. उद्या बघू." रोज म्हणायचे. आणि रोज तिला हट्ट करून त्यांचा पाय मांडीवर ओढून घ्यावा लागायचा.

लेखक काही दिवस कागदाकडे फिरकला नाही. मग प्रकाशकाचे फोन यायला लागले आणि तो पुन्हा टेबलाशी बसला. एका दुपारी ती हात धुऊन पट्टीचं सामान ताटलीत लावत होती, तेव्हा तो गोदामाच्या प्रकरणाची पानं घेऊन स्वयंपाकघरात आला. आप्पांच्या खोलीचं दार उघडं होतं.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "एक विचारू? हे सगळं प्रकरण मला आता खोटं वाटतंय. डब्यातलं ते डब्यातलंच. तू जवळून बघितलंस. मी आप्पांचं नाव कुठे येऊ देणार नाही, पात्रही वेगळंच आहे. फक्त वास सांग. तो गोड होता का? कशासारखा? तेवढं एक वाक्य खरं झालं ना, की सगळं प्रकरण उभं राहील."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहराही उतरलेला होता. पण त्या चेहऱ्यामागे, जरा आत, पानाची रिकामी ओळ वाट बघत होती, आणि ती तिला स्वच्छ दिसली. डब्यातल्या हालचालीइतकीच तिला त्या ओळीची शिसारी आली.

सांगण्यासारखं तिच्याकडे खूप होतं. वास नेमका कसा होता हे तिच्याइतकं या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिला झोपेतून उठवलं असतं तरी ती सांगू शकली असती, एका वाक्यात, आणि त्या वाक्याने वाचकांनी बोटं पुसली असती. आतल्या खोलीतला पलंग वाजला. आप्पा कुशीवर वळले होते, की वळायचे थांबले होते, कोण जाणे.

"कसला वास?" ती म्हणाली. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाली.

"अगं, जखमेचा. पट्टी सोडल्यावर येतो तो."

"काही वास येत नाही."

"येत नाही कसा? आपण घर हुडकलं सगळं. शेजारीणसुद्धा..."

"तो तुझ्या डब्याचा होता. भिंतीत मुरलेला. आप्पांच्या पायाला वास नाही, कधी नव्हता. औषधाचा येतो थोडा. तेवढं लिही हवं तर."

लेखकाने तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. त्याला काय कळलं आणि काय नाही हे त्याने दाखवलं नाही. त्याने पानं दुमडली आणि तो आपल्या टेबलाकडे गेला.

ती कात्री शोधत होती तेवढ्यात आतून आवाज आला.

"सूनबाई, पट्टी बदलायची वेळ झाली ना गं?"

घरी आल्यापासून त्यांनी स्वतःहून कधी हाक मारली नव्हती. तिने ताटली उचलली आणि आत गेली. आप्पा उशीला टेकून बसले होते. पाय त्यांनी स्वतःच चादरीबाहेर काढून ठेवला होता, आणि ते भिंतीकडे न बघता तिच्याकडे बघत होते. तिने पहिली घडी सोडली, आणि वास आला.